आवाजी मतदानात तुमचा आवाज कोणता होता? विधानसभेतल्या विरोधी सदस्यांना खुलं पत्र

महाराष्ट्र विधानसभेतील विरोधी बाकांवरच्या सन्माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

१० जुलै २०२५ रोजी, संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी उभं राहून स्पष्ट विरोध नोंदवला. बाकी काहींनी शंका विचारल्या, काहींनी सूचना केल्या, आणि ‘होय’चं बहुमत जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत तुमच्या पक्षांच्या सदस्यांनी सभात्याग केला. पुढच्या आठवड्यात तुमचे नेते राजभवनावर जाऊन राज्यपालांना ‘सही करू नका’ असं निवेदनही देऊन आले. म्हणजे विरोध आहे. फक्त ज्या दिवशी, ज्या सभागृहात तो नावानिशी नोंदवायचा होता, तिथल्या कामकाजात एकाच आमदाराचा ठाम नकार सापडतो.

सरकारला उद्देशून पत्रं पुष्कळ लिहून झाली. विधेयक तपासणाऱ्या संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आणि हरकती गेल्या होत्या. त्यातून बदललं काय, ते खाली सांगतो. हे पत्र तुम्हाला आहे, कारण सरकारकडून माझी फार अपेक्षा नव्हती आणि तुमच्याकडून होती.

तुम्ही म्हणाल, २८८ च्या सभागृहात आम्ही सगळे मिळून पन्नासेक. विरोधी पक्षनेतेपद मिळावं एवढंही कुणा एकाचं बळ नाही. आम्ही विरोधात मत दिलं असतं तरी विधेयक मंजूर होणारच होतं. खरं आहे. पण कुणीतरी उठून पोल मागितला असता तर प्रत्येक सदस्याचं मत नावासह छापलं गेलं असतं. पुढे उच्च न्यायालयात या कायद्याला आव्हान मिळेल तेव्हा सरकारचा वकील म्हणेल, ‘सभागृहात यावर फारसा मतभेद नव्हता.’ समितीच्या अहवालाला कुणीही भिन्न मत जोडलेलं नाही, हे मुख्यमंत्र्यांनी सभागृहात आवर्जून सांगितलंच आहे. त्या समितीत तुमचे दिग्गज होते. ते बैठकांना बसले, बोलले असतील, भांडलेही असतील. कागदावर त्यातलं काय उरलं?

समितीने तीन मोठे बदल केले. पहिला, विधेयकाच्या उद्देशात आधी ‘व्यक्ती आणि संघटना’ असं मोघम होतं, तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना ‘किंवा तत्सम संघटना’ असं आलं. दुसरा, सल्लागार मंडळावर उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश अध्यक्ष असतील, सोबत निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि उच्च न्यायालयातले सरकारी वकील. तिसरा, तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करील. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी या बदलांवर समाधान मानलं. मला त्यातला दुसरा बदल विशेष वाटला. संघटना बेकायदा ठरवणार सरकार. ते ठरवणं बरोबर की चूक हे तपासायला तिघे, आणि त्यातला एक जण त्याच सरकारची बाजू मांडणारा वकील. तालुका पातळीवरच्या पतसंस्थेतसुद्धा लेखापरीक्षक असा नेमत नाहीत.

पण खरी गोम व्याख्येत आहे, आणि व्याख्येला समितीने हात लावलेला नाही. बेकायदेशीर कृत्य म्हणजे काय? कृतीने, तोंडी किंवा लेखी शब्दांनी, खुणेने किंवा चित्राने सार्वजनिक सुव्यवस्थेला, शांततेला धोका निर्माण करणं. कायद्याच्या अंमलबजावणीत, प्रस्थापित संस्था आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणणं किंवा तसा कल असणं. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणं, तसा उपदेश करणं. हिंसा, तोडफोड, शस्त्रं हेही यादीत आहे, पण वेगळ्या उपकलमात. म्हणजे हिंसा नसली तरी बाकीची उपकलमं आपापल्या जागी पुरेशी आहेत. बेकायदेशीर कृत्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. संघटनेचा सदस्य असण्याला तीन वर्षं. सदस्य नाही, पण वर्गणी दिली किंवा कुणाला आसरा दिला, तर दोन वर्षं. सगळे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. संघटनेची जागा ताब्यात घ्यायला खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची किंवा पोलीस आयुक्तांची अधिसूचना पुरते.

ही व्याख्या हातात घेऊन १९३० सालात जाऊन बघा. शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह, चिरनेरचा आणि बिळाशीचा जंगल सत्याग्रह, काळाराम मंदिराच्या दारातला सत्याग्रह. यातलं कुठलं आंदोलन ‘प्रस्थापित संस्थांच्या कामात अडथळा’ यातून सुटतं? इतिहास लांबचा वाटत असेल तर आमच्याकडचंच सांगतो.

मी कोल्हापूर जिल्ह्यात राहतो. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग, पवनार ते पत्रादेवी ८०२ किलोमीटर, आमच्या भागातल्या बागायती जमिनींतून आखलेला आहे. शेतकरी मोजणीला विरोध करतायत. महिन्याभरापूर्वी आमच्या पंचक्रोशीतल्या काही जणांनी एक हँडबिल लिहिलं. मजकूर असा, की मोजणीदार आले तर हात जोडून परत पाठवा, सातबारा दाखवू नका, कुठल्याही कागदावर सही-अंगठा देऊ नका, अंगावर जाऊ नका. शेवटचं वाक्य मुद्दाम ठळक केलेलं. तालुक्याच्या गावी ज्याच्याकडे गेली वीसेक वर्षं लग्नपत्रिकांपासून सेवा सोसायटीच्या अहवालापर्यंत सगळं छापतो, त्या प्रेसवाल्याने मजकूर दोनदा वाचला. म्हणाला, “छापून देतो, पण खाली प्रेसचं नाव नको. आणि बिल मागू नका.” का म्हणून विचारलं तर म्हणाला, “ते नवीन कायद्याचं काय ते चाललंय ना मुंबईत. माझी दोन मशीनं कर्जावर हायत.”

तेव्हा विधेयक मंजूरही झालेलं नव्हतं. पोलीस त्याच्याकडे आलेले नव्हते, नोटीस नव्हती. त्याने आपल्यापुरता हिशेब केला आणि नाव काढून टाकलं. शेवटी शेतकऱ्यांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं. तिथेही ॲडमिनने ‘फक्त माहितीसाठी’ असं वर लिहून घेतलं. अशा घटनांची कुठे नोंद होत नाही, म्हणून त्या तुमच्या कानावर घालतोय. तुरुंगात गेलेल्यांची नावं निदान वर्तमानपत्रात येतात.

त्या हँडबिलात हिंसा नाही. पण ‘मोजणीदाराला परत पाठवा’ हा शासकीय कामात अडथळा आहे की नाही? ‘सही देऊ नका’ हा अवज्ञेचा उपदेश आहे की नाही? तुम्ही वकील असाल तर मला खात्रीने उत्तर द्या. मुख्यमंत्री म्हणाले, हा कायदा सरकारवर टीका करणाऱ्यांविरुद्ध नाही, आंदोलकांविरुद्ध नाही. सभागृहातलं आश्वासन पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावलेलं नसतं. ठाणे अंमलदार कलम वाचतो.

आश्वासनांचं काय होतं हे तुम्हा राजकारण्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असायला हवं, कारण फटका तुमच्याच जमातीला बसलेला आहे. २००२ साली ‘पोटा’ हा दहशतवादविरोधी कायदा संसदेच्या संयुक्त अधिवेशनात मंजूर झाला. तमिळनाडूचे खासदार वायको तेव्हा सत्ताधारी आघाडीत होते, त्यांनी त्या कायद्याला पाठिंबा दिला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच कायद्याखाली त्यांना अटक झाली. गुन्हा कोणता? जाहीर सभेतलं भाषण. दीड वर्षाहून जास्त काळ ते वेल्लोरच्या तुरुंगात होते. अटक त्यांच्या राजकीय विरोधकांच्या राज्य सरकारने केली, आणि कायदा त्यांनीच हात वर करून दिलेला. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशात मायावती सरकारने राजा भैया या आमदारावर ‘पोटा’ लावला. कायदा करताना ‘फक्त दहशतवाद्यांसाठी’ असंच म्हटलं होतं. त्याआधीचा तसाच कायदा ‘टाडा’ पंजाबसाठी म्हणून आला आणि गुजरात-महाराष्ट्रापर्यंत पोचला.

आता ‘तत्सम संघटना’ या शब्दांकडे वळा. कडवी डावी संघटना कोणती हे सरकार ठरवणार, आणि तिच्यासारखी कोणती हेही सरकारच ठरवणार. या जुलैतच विधान परिषदेत सत्ताधारी पक्षाच्या एका सदस्याने पंढरीच्या वारीत शहरी नक्षलवादी घुसल्याचं सांगितलं. संविधानाची प्रत आणि पर्यावरणाचे फलक घेऊन ज्ञानोबा-तुकोबा म्हणत चालणाऱ्या दिंड्यांबद्दल हे बोललं गेलं. वारीत चालणाऱ्याला जर हे लेबल लागू शकतं, तर मोजणी अडवणारा शेतकरी, बंदराला विरोध करणारा वाढवणचा मच्छीमार, रिफायनरीच्या माती परीक्षणाला आडवी झालेली बारसूची बाई यांना लावायला कितीसा वेळ लागेल?

सरकारची बाजू मी ऐकलेली आहे. नक्षलवाद्यांचं राजकारण मला मान्य नाही, कधीच नव्हतं. खबऱ्या ठरवून त्यांनी गडचिरोलीत किती आदिवासी मारले हे तिथल्या गावागावांत ठाऊक आहे. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ स्फोटात १५ पोलीस जवान आणि गाडीचा चालक गेला. त्या हिंसेसाठी यूएपीए हा केंद्राचा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा आहे, स्फोटकांचा कायदा आहे, भारतीय न्याय संहिता आहे, संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राचा स्वतःचा मोक्का १९९९ पासून आहे. आणि हेच सरकार सांगतं की जिल्ह्यातला नक्षलवाद अखेरच्या टप्प्यात आहे. १ जानेवारी २०२५ ला तारक्कासारखी वरिष्ठ नक्षलवादी गडचिरोलीत खुद्द मुख्यमंत्र्यांसमोर शरण आली. हे सगळं जुन्या कायद्यांनी जमलं. मग जंगलातलं संपत आल्यावर शहरासाठी नवा कायदा लागतो तो कशाला, हा प्रश्न सभागृहात अधिक रेटून विचारता आला असता.

सरकारचं उत्तर असं, की यूएपीएत हिंसेशी दुवा दाखवावा लागतो, म्हणून मुखवट्याच्या संघटना सुटतात. म्हणजे पुरावा गोळा करणं जड जातं, म्हणून पुरावा कमी लागेल असा कायदा. जो यूएपीए सरकारला अपुरा वाटतो, त्याच्याखाली महाराष्ट्रात काय झालं ते आठवा. पांडू नरोटे हा गडचिरोलीचा आदिवासी तरुण प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्यावरच्या, नक्षलवाद्यांशी संबंध असल्याच्या खटल्यात आरोपी होता. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयाने शिक्षा दिली. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूरच्या कारागृहात असताना तो आजारी पडला आणि गेला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबर २०२२ ला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांना सोडलं. राज्य सरकारने लगोलग सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, खास सुनावणी होऊन तो निकाल स्थगित झाला. ५ मार्च २०२४ ला खंडपीठाने पुन्हा सर्वांना निर्दोष ठरवलं. पांडू नरोटे दोनदा सुटला, दोन्ही वेळा मेल्यानंतर. साईबाबा चाकाच्या खुर्चीतून बाहेर आले आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला वारले. एल्गार परिषद खटल्यात यूएपीएखाली पकडलेले, तळोज्याच्या तुरुंगात कंपवाताने हात थरथरणारे ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करत होते. ५ जुलै २०२१ ला कोठडीतच, मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला, तोवर त्यांच्या खटल्यात आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती.

हा सैल हात नव्हे. यापेक्षा घट्ट हात कसा असेल याची कल्पना मला करवत नाही.

आता छत्तीसगड. आपल्या विधेयकाची व्याख्या जवळजवळ शब्दशः तिथल्या २००५ च्या विशेष जनसुरक्षा कायद्यातून आलेली आहे, त्यामुळे हा कायदा कसा वागतो हे बघायला ज्योतिषी नको. मे २००७ मध्ये बालरोगतज्ज्ञ आणि मानवी हक्क कार्यकर्ते डॉ. बिनायक सेन यांना याच कायद्याखाली पकडलं. डिसेंबर २०१० मध्ये राजद्रोहासाठी जन्मठेप झाली. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन देताना विचारणा केली, की एखाद्याच्या घरी गांधींचं आत्मचरित्र सापडलं म्हणून तो गांधीवादी ठरतो का. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. २०१८ ते २०२३ पाच वर्षं तिथे काँग्रेसचं सरकार होतं. कायदा रद्द झाला नाही. तो कपाटात तसाच ठेवून ते गेले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या सरकारने तोच बाहेर काढून बस्तरमधल्या मूलवासी बचाओ मंचावर बंदी घातली. अधिसूचनेत मुख्य कारण दिलं होतं, विकासकामांना आणि सुरक्षा दलांच्या छावण्यांना विरोध. आपल्या ‘मोजणीला विरोध’शी ताडून पाहा.

म्हणून तुमच्यावर माझा एक संशय आहे, तो स्पष्टच बोलतो. तुमच्यातल्या काहींना हा कायदा नकोसा नाही, आत्ता दुसऱ्याच्या हातात आहे एवढंच खुपतंय. तेलंगण, आंध्र, ओडिशा इथेही असे कायदे आहेत आणि तिथे सरकारं आलटून पालटून सगळ्या रंगांची आली. कायदे जागेवरच आहेत.

आणीबाणीचा विषय सत्ताधाऱ्यांच्या फार आवडीचा. यंदा जूनमध्ये, आणीबाणीला ५० वर्षं होत असताना, मंत्रिमंडळाने त्या काळात तुरुंगात गेलेल्यांचं मानधन दुप्पट केलं. महिन्याहून जास्त काळ कैदेत असलेल्यांना आता दरमहा २० हजार. द्यावंच. मिसाखाली विनाचौकशी डांबलेल्या माणसांची बायकापोरं कशी जगली ते मी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं आहे. पण मिसा १९७१ सालचा, आणीबाणीच्या चार वर्षं आधी संसदेने रीतसर केलेला कायदा होता. मानधन मंजूर झाल्यावर महिना उलटायच्या आत हे विधेयक मंजुरीला आलं, आणि ही विसंगती सभागृहात ठणकावून मांडायची सोडून तुमच्यापैकी काहीजण आणीबाणीचं नाव निघालं की खाली बघतात. काँग्रेसच्या सदस्यांची अडचण कळते. पण अडचण आहे म्हणून गप्प राहण्यापेक्षा ‘आमच्या पक्षाने तेव्हा केलं ते चूक, म्हणूनच हे नको’ एवढं म्हणायला काय हरकत होती? ऐकणाऱ्यांना ते पटलं असतं.

बोलण्याची किंमत शहरातही वसूल होतेच आहे. २३ मार्च २०२५ ला खारच्या एका स्टुडिओत विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्या विडंबनगीतावरून सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली आणि दुसऱ्या दिवशी पालिकेचा हातोडा त्याच जागेवर पोचला. गाणं गाणाऱ्यावर गुन्हे, हक्कभंगाची सूचना. त्यासाठी जनसुरक्षा कायदा लागलाही नाही. उद्या तो हाताशी असेल.

आता मागण्या. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरेल. तोवर राज्यपालांची सही झालेली असो वा नसो, तुमच्यापैकी एकाने या कायद्याच्या निरसनाचं अशासकीय विधेयक द्यावं. ते पडणार हे मला कळतं. पण मांडताना भाषण होईल, ते छापलं जाईल, आणि त्यावर नावानिशी मतं घेता येतील.

मुख्यमंत्री म्हणाले होते, महाराष्ट्रात अशा ६४ संघटना आहेत, देशात सर्वाधिक. या ६४ संघटनांची नावं जाहीर करा, अशी मागणी तुमच्यातल्या काहींच्या तोंडी येऊ शकते. ती करू नका. नावं बाहेर आली की अधिसूचना निघायच्या आधीच त्या संघटनांना सभागृह भाड्याने मिळणं बंद होईल, आमच्या प्रेसवाल्यासारखे आणखी शंभर जण मागे सरतील. निकष मागा. कोणत्या कसोटीवर ६४ मोजल्या? त्यात हिंसेचा पुरावा ही कसोटी आहे का? ती नसेल तर कोणत्या कारणाने? तारांकित प्रश्न म्हणून विचारा आणि उत्तर टाळलं तर तेही नोंदवून घ्या.

आणि पुढच्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात ‘फेरविचार करू’ असलं गुळमुळीत लिहू नका. सत्तेत आल्यास पहिल्या अधिवेशनात रद्द करू, असं लिहा. छत्तीसगडची पाच वर्षं आम्ही विसरणार नाही.

शेवटचं एक. ज्या संघटनेवर पहिली अधिसूचना निघेल ती बहुधा तुम्हाला आवडणारी नसेल. तिच्या घोषणा तुम्हाला आततायी वाटतील, तिचे लोक तुमच्याही सभेत कधीतरी गोंधळ घालून गेलेले असतील, आणि त्यांची बाजू घेतली तर मतदारसंघात टीव्हीवाले प्रश्न विचारतील. सुरुवात अशाच संघटनेपासून करतात. त्या दिवशी तुमचा पक्ष बोलणार की नाही, हे आत्ताच बैठक घेऊन ठरवा आणि आम्हालाही कळवा.

आपला,
कोल्हापूर जिल्ह्यातला एक मतदार
जुलै २०२५